सुग्रा आपा आणि झाडाचं स्वयंपाकघर

चांगला माल वर आणि डागी माल खाली ही शहागंजातल्या फळवाल्यांची रीत जगजाहीर आहे. सुग्रा आपा येताना दिसल्या की मात्र हेच लोक टोपली उलटी करायचे. "आपा, ये देखो, खास तुमच्यासाठी ठेवलेत," म्हणत काळे ठिपके पडलेले पेरू, मऊ झालेली मोसंबी, करपलेल्या सालीचे आंबे पुढे करायचे. आपा एकेक फळ उचलून उजेडाकडे धरायच्या, फिरवून बघायच्या. एखाद्या पेरूवर खपलीसारखा डाग सापडला की असा चेहरा करायच्या, की शेजारचं गिऱ्हाईक आपल्या हातातला चांगला पेरू संशयानं बघू लागायचं. मग वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या आपा हा सगळा ऐवज पिशवीत भरून कॉलेजात आणायच्या आणि आमच्या रसायनशास्त्र विभागाच्या फ्रीजमध्ये ठेवायच्या.

आमच्या ओळखीची सुरुवात या फ्रीजवरून झालेल्या भांडणानं झाली.

मी तेव्हा नुकतीच त्या कॉलेजात लागले होते. उदगीरकडची, जिभेची तिखट, आणि एमएस्सीचा वर्ग शिकवायला मिळाल्यामुळे जरा जास्तच ताठ. वनस्पतिशास्त्र म्हणजे पानं चिकटवायचं शास्त्र, असं माझं प्रामाणिक मत होतं. फ्रीज उघडला की ईथरच्या बाटलीशेजारी सडके आंबे! दोन-तीनदा सहन केलं आणि मग दारावर चिठ्ठी लावली, 'हा फ्रीज फक्त रसायनांसाठी आहे.' दुसऱ्या दिवशी चिठ्ठीखाली किरट्या, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'ही रसायनंच आहेत. सुग्रा.'

मी तणतणत त्यांच्या खोलीत गेले. मध्यम उंचीची, पांढऱ्या सुती साडीतली, लांब बाह्यांचं पोलकं घातलेली बाई खिडकीशी बसली होती. गळ्यात काळ्या दोऱ्यात भिंग अडकवलेलं. पोरं त्या भिंगाला 'आपांचा ताईत' म्हणायची. मी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, "आलीस? बस. हे बघ आधी, मग भांड." आणि तो ताईत गळ्यातून काढून माझ्या हातात दिला.

पेरूवर एक तपकिरी ठिपका होता. भिंगातून त्याच्याभोवती एक उंचवटलेली, बुचासारखी कड दिसत होती.

"बुरशी इथून आत घुसली," आपा दाभणाच्या टोकानं दाखवत होत्या. "इथपर्यंत आली. आणि इथं थांबली. कुणी थांबवली?"

"कुणी?"

"पेरूनं. दुसरं कोण होतं तिथं?"

मग त्यांनी मला जे सांगितलं, ते मी पुस्तकात कधी वाचलं असेल-नसेल, पण ऐकलं त्या दिवशी. बुरशीचा धागा सालीला भिडला की त्या जागेच्या पेशींना खबर लागते. त्यातल्या काही पेशी तिथल्या तिथं स्वतः मरतात, म्हणजे बुरशीला पुढं सरकायला जिवंत घास उरत नाही. मरता मरता शेजारणींना इशारा देतात. शेजारणी आपल्या भिंती जाड करतात आणि एरवी कधीही करत नाहीत असं एक विष करायला घेतात. ना डोळे, ना मेंदू, ना हुकूम सोडणारा कुणी. "मेल्या त्या पेशींना कुणी सांगितलं नव्हतं, शैला," आपा म्हणाल्या. ठिपक्यावर हलकेच बोट ठेवलं. ज्या डागासाठी आपण फळ फेकून देतो, तिथं एवढं सगळं घडून गेलेलं असतं हे मला खरोखर ठाऊक नव्हतं. मी भांडायला गेले होते. येताना डाग कापून उरलेला अर्धा पेरू खात परत आले. फ्रीजचा खालचा खण त्या दिवसापासून आपांचा झाला.

आपा मूळच्या खुलताबादच्या. वडिलांची अंजिराची आणि पेरूची छोटी बाग होती. निजामावर पोलीस ॲक्शन झाली तेव्हा त्या शाळकरी पोर होत्या, उर्दू शाळेत जाणाऱ्या. त्या दिवसांबद्दल त्या फार बोलत नसत. एकदाच, रिक्षातून जाताना, सहज सांगावं तसं सांगितलं, की काका-मामा सगळे कराचीला निघाले होते, आणि अब्बांनी विचारायला आलेल्यांना एवढंच म्हटलं, "बागेला पाणी कोण देईल?" सामान बांधलंच नाही. "मी भ्यायले होते गं खूप," आपा म्हणाल्या. "अब्बाही भ्याले होते. पण ते रोज सकाळी बागेत जात होते." पुढं त्यांनी कधी तो विषय काढला नाही आणि मीही विचारलं नाही.

निजामाचं राज्य गेलं तसा पुढं कारभार बदलला, शाळा-कॉलेजं मराठीत आली. आपांनी दुकानांच्या पाट्या वाचत वाचत मराठी उचलली आणि शेवटी ती इतकी आपली केली, की वर्गात उर्दू आणि मराठी दोन्ही एकाच वाक्यात सुखानं नांदायच्या. "ही पेशीची दीवार. हिला नुसती भिंत समजू नका, ही चौकी आहे. इथं पहारेकरी उभे आहेत." गंगापूरकडची खेड्यातली पोरंही त्यांच्या तासाला मागच्या बाकावर बसत नसत.

त्यांचं एक वाक्य सगळ्या कॉलेजला पाठ होतं. "ज्याला पळता येत नाही, त्याला शिजवता आलं पाहिजे." झाडाला पाय नाहीत. शत्रू आला तर शेळी पळेल, कोंबडी उडेल. झाड जिथं आहे तिथंच राहणार. म्हणून त्यानं शिजवायला शिकून घेतलं. टॅनिन, राळ, डिंक, चीक, सालीतलं झोंबणारं तेल, आवळ्याचा तुरटपणा, कडूपणा, सगळं त्याच्या स्वयंपाकघरातलं. आपण त्याला चव म्हणतो, वास म्हणतो. आपल्यासाठी त्यातलं काहीच केलेलं नव्हतं. गंमत अशी, की हे सांगणाऱ्या बाईंना स्वतःला खिचडी धड येत नव्हती. भात खाली करपलेला आणि वर कच्चा, अशी एकाच पातेल्यात दोन्ही कला साधायच्या. भावजय खुलताबादहून येणाऱ्या बसमधून डबा धाडायची, म्हणून बाई जगल्या, असं आम्ही त्यांच्या तोंडावर म्हणायचो. "हौ," त्या म्हणायच्या, "मला पळता येतं ना, म्हणून."

त्यांचा कैरीचा तास मी स्वतः दार लोटून मागं उभी राहून ऐकला आहे. टेबलावर एक हिरवीगार, निष्कलंक कैरी. आपांनी विचारलं, "हिच्यावर रोग आहे का?" सगळी पोरं म्हणाली, नाही. आपा म्हणाल्या, "आहे. बुरशी बसलेली आहे सालीवर. मोहोर होता तेव्हाच आली. सालीत पाय रोवून गपगार बसलीय." पोरं पुढं झुकली. "मग कैरी सडत का नाही? कारण कच्च्या सालीत विष भरलेलं आहे. बुरशीला माहीत आहे, आत्ता हलले तर मेले. ती वाट बघतेय. कैरी पिकायला लागली की ते विष कमी होत जातं. झाडाचा हिशेबच तसा आहे, की आता कुणीतरी हे फळ खावं, बी लांब नेऊन टाकावं. दार उघडावं तर लागतंच. आणि त्या उघडलेल्या दारातून आधी बुरशी घुसते." मग कैरी हातात घेऊन म्हणाल्या, "तुम्ही आंबा खाता ना, तेव्हा एका लांबलेल्या वेढ्याच्या शेवटच्या दिवशी खाता." मी रसायनशास्त्राची, मला त्या सालीतल्या पदार्थांची रचना फळ्यावर काढता आली असती. पण त्या रात्री आंबा चिरताना माझा हात थांबला, हे रचनेमुळे नाही झालं.

आता बापूरावांच्या बागेची गोष्ट सांगते, कारण आपा मला पुरत्या कळल्या त्या तिथं.

चिकलठाण्याच्या पलीकडं, जालना रस्त्यापासून आत, बापूरावांची मोसंबीची बाग होती. वडिलांनी लावलेली, बापूराव आणि त्यांची बायको गोदावरी यांनी वाढवलेली. गावात गोदावरीच्या हाताचं कौतुक होतं. ती झाडांना पाणी द्यायची ते नुसतं सोडून द्यायची नाही. प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी मातीची भर घालून, भोवती गोल आळं करून, ते काठोकाठ भरेस्तोवर उभी राहायची. पाहुण्याच्या पायावर पाणी घालावं तसं. त्या बागेला डिंक्या लागला. डिंक्या म्हणजे बुंध्याची साल चिरते, तिथून डिंकाचे ओघळ येतात, साल कुजते, आणि मग वरचं हिरवं झाड हळूहळू पिवळं पडून वाळतं. एकेक करून झाडं जायला लागली.

फक्त एक झाड ठणठणीत होतं. विहिरीला लागून. पाण्याच्या सर्वांत जवळ, रोगी झाडांच्या सर्वांत जवळ, आणि अंगावर डिंकाचा थेंब नाही.

आपांना हे कळलं आणि त्या वेड्या झाल्या. दुसरा शब्द नाही. आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते झाड समोर उभं होतं. डिंक्याला दाद न देणारी, आपल्याच मातीतली मोसंबी! तिचे डोळे, म्हणजे फांदीवरचे कोंब, काढून नव्या रोपांवर कलम म्हणून भरले, तर अख्ख्या मराठवाड्याच्या बागा वाचतील. प्राचार्यांनी सगळ्या पाहुण्यांना सांगायला सुरुवात केली. विद्यापीठातून बोलावणं आलं. स्टाफरूममध्ये त्या झाडाचं बारसंही होऊन गेलं, 'सुग्रा मोसंबी'. आपा वरवर रागवायच्या, पण मला ठाऊक आहे, की ते नाव त्यांना आतून फार आवडलं होतं. मूलबाळ नव्हतं, लग्न नव्हतं. एक झाड आपल्या नावानं राहील, ही कल्पना कुणाला नाही आवडणार?

पण बापूराव बाग काढायला निघाले होते. चिकलठाण्याचे कारखाने सरकत सरकत त्यांच्या बांधाशी आले होते, शेडसाठी जागा मागणारा माणूस घरी येऊन बसत होता. आपांनी मुदत मागितली. बापूराव डोक्यावरची टोपी काढून, खाली ठेवून म्हणाले, "बाई, ह्ये एक झाड खरंच येगळं आसंल, तर म्या त्याच्याच डोळ्यांची नवी बाग करीन. नसंल, तर मंग कुऱ्हाड लावतो. रोज एक मयत बघवत नाय आता."

असा तो सौदा ठरला आणि मुदतही ठरली. आपांना सिद्ध करायचं होतं, की विहिरीजवळचं झाड इतरांपेक्षा वेगळं लढतं. आणि त्यासाठी झाडाला आजारी पाडायला हवं होतं.

त्या हे मागायला गेल्या तेव्हा मी बरोबर होते. सालीला छोटी खाच पाडायची, त्यात प्रयोगशाळेत वाढवलेली डिंक्याची बुरशी ठेवायची, ओल्या कापसानं झाकायचं आणि साल काय करते ते बघायचं. गोदावरी ऐकत होती. शेवटी म्हणाली, "बाई, तुमी झाडाच्या डाक्टर ना? मंग रोग घालाया कशा आल्या?"

"वहिनी, तलवार आहे का नाही ते कसं कळणार? कुणी अंगावर आल्याशिवाय झाड ती काढतच नाही."

गोदावरीनं मान हलवली. पण पटलं नव्हतं. आपांनी खाचा पाडल्या. प्रत्येक झाडाला पातं लावण्याआधी खोडावर तळवा टेकवून पुटपुटल्या, "माफ कर." मी हसले, तर म्हणाल्या, "त्याला ऐकू येत नाही. मला येतं."

काही दिवसांनी नमुने घ्यायला गेलो तर सगळ्या खाचा पिवळ्याधमक. गोदावरीनं कापूस काढून टाकला होता आणि प्रत्येक जखमेत तेलात कालवलेली हळद भरली होती. एकही सोडली नव्हती. महिनाभराची मेहनत मातीत, आणि आधीच मुदत अपुरी. मी काहीबाही बोलणार, तेवढ्यात गोदावरीच म्हणाली, "उघडी जखम बगून घास उतरंना मला. लेकराची आसती तर ठिवली आसती का आशी?"

आपांनी तिचा हात हातात घेतला. हळदीनं पिवळी झालेली बोटं नाकाशी नेली, वास घेतला आणि हसत सुटल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "वहिनी, ही हळद पिवळी का असते माहीत आहे? जमिनीखाली बुरश्यांच्या गर्दीत राहायचं असतं ना तिला. स्वतःच्या जिवासाठी करून ठेवते ती हे सगळं. तुम्ही एका झाडाचं औषध चोरून दुसऱ्या झाडाला दिलंत."

"मंग चुकलं का माजं?"

"नाही चुकलं. पण मला झाडाचं औषध बघायचं आहे, तुमचं नाही. आता पुन्हा जखम करू द्या. आणि एवढं काळजावर दगड ठेवा." गोदावरीनं ठेवला. पण नंतर कळलं, की ते सगळे दिवस ती बागेत गेलीच नाही, पाणीसुद्धा बापूरावांनी दिलं.

दुसऱ्या खेपेला आपांनी तीन झाडं घेतली. एक विहिरीजवळचं, एक रोगाच्या ओळीतलं, जिथं बुंधे सदा ओले असायचे, आणि एक पार कडेचं, बांधावरचं, जिथं गोदावरीचं पाणी नीट पोचत नसे म्हणून ते जरा खुरटं राहिलं होतं. "हे खुरटं कशाला?" मी विचारलं. "असू दे. साक्षीदार," त्या म्हणाल्या.

आता माझ्या विभागाचं काम आलं. सालीचे तुकडे अल्कोहोलमध्ये भिजवायचे, अर्क काढायचा, काचेच्या लेपलेल्या पट्टीवर त्याचे थेंब ठेवून ती द्रावणात उभी करायची. द्रावण वर चढताना अर्कातले पदार्थ वेगवेगळ्या उंचीवर नेऊन सोडतं. मोसंबीच्या कुळातली झाडं बुरशीशी झुंजताना सालीत जो पदार्थ करतात, स्कोपॅरोन त्याचं नाव, तो साध्या उजेडात दिसत नाही. अतिनील दिव्याखाली निळा पेटतो. तो दिवा कॉलेजात फक्त आमच्याकडं होता. आम्ही भर दुपारी तराजूच्या खोलीच्या खिडक्या काळ्या कापडानं बंद केल्या आणि दिवा लावला.

खाच न पाडलेल्या, निरोगी सालीच्या जागी काही नव्हतं, अंधार. विहिरीजवळच्या झाडाच्या जागी जांभळट निळा पट्टा उमटला होता. इतका स्वच्छ निळा मी त्याआधी पाहिला नव्हता. एका जागेवर मुकाट उभ्या असलेल्या झाडानं, जिच्याकडं मी कधी ढुंकूनही बघितलं नसतं अशा सालीत, चार दिवसांत हे बनवलं होतं. आमच्या विभागाला तेच बनवायचं म्हटलं तर हंडी, शेगडी आणि नशीब सगळं लागलं असतं. माझ्या अंगावर काटा आला, हे मी आज कबूल करते.

मग मी बाजूला पाहिलं. बांधावरच्या खुरट्या झाडाचाही पट्टा तसाच होता. तितकाच रुंद, तितकाच निळा. ओल्या ओळीतल्या झाडाचा तेवढा फिकट, असून नसल्यासारखा.

विहिरीजवळचं झाड वेगळं नव्हतं. एक खुरटं, कुणी न विचारलेलं झाडही तेवढंच लढत होतं. म्हणजे 'सुग्रा मोसंबी' संपली, आणि बापूरावांच्या शब्दाप्रमाणं बागही. आपा पट्टीवर वाकल्या होत्या. निळा उजेड त्यांच्या चष्म्यावर पडला होता. मी काहीतरी समजुतीचं बोलायला शब्द शोधत होते.

"शैला," त्या म्हणाल्या, "ते विहिरीजवळचं झाड कशावर उभं आहे?"

"जमिनीवर. कशावर असणार?"

"विहीर खणली तेव्हाच्या मातीच्या ढिगावर. उंचावर. पाणी बाजूनं वाहून जातं, बुंध्याशी थांबतच नाही." त्यांनी फिकट पट्ट्यावर बोट ठेवलं. "औषध सगळ्यांना येतं गं. सगळ्यांना! ओळीतली झाडं कमजोर नाहीत. आपण त्यांच्या बुंध्याशी रोज पाणी साठवतो, मातीनं साल झाकतो. ओल्या, गुदमरलेल्या सालीला शिजवायला चूलच पेटत नाही."

बुंध्याला पाणी लागू देऊ नका, हे त्यांनी बापूरावांना पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. बापूरावांनी विहिरीजवळचंच झाड दाखवलं होतं, "ह्ये तर पान्यातच हाय की, बाई." आणि आपाही त्या झाडाच्या मोहात पडल्या, त्यांनीही पुढं ढिगाकडं पाहिलं नाही. आता त्यांनी एक दिवस घालवला नाही. ओळीतल्याच एका झाडाची बुंध्याजवळची माती उकरली, आळं लांब सरकवलं, साल उघडी करून सुकू दिली आणि पुन्हा खाच पाडली. त्या पट्टीचा निकाल हातात आला तो नेमका कुऱ्हाडी लागायच्या दिवशी.

आपा पुढं निवृत्त होऊन खुलताबादला राहायला गेल्या. तोवर माझी बदली झाली होती. त्या गेल्याचं मला उशिरा कळलं, मातीला जाता आलं नाही. म्हणून माझ्यापुरत्या शेवटच्या आपा त्याच दिवसाच्या आहेत.

आम्ही पोचलो तेव्हा मजूर कुऱ्हाडी घेऊन बांधावर बसले होते. बापूराव पाठमोरे उभे होते. आपा धावतच गेल्या. "भाऊ, एक गोष्ट बघा. फक्त बघा. मग काय ते करा." विहिरीवर मोटारीची खोली होती, दगडी, बिनखिडकीची, आणि वीज होती ती तिथंच. कॉलेजातून आणलेला दिवा जोडला, दार ओढून घेतलं. आत बापूराव, गोदावरी, आम्ही दोघी. वंगणाचा आणि ओल्या दगडाचा वास.

पट्टीवर चार जागा होत्या. तीन निळ्या पेटल्या, एक फिकट राहिली. आपांनी बोट ठेवत सांगितलं. हे विहिरीजवळचं. हे बांधावरचं खुरटं. हे फिकट, ओळीतलं, पाण्यातलं. आणि हे शेवटचं निळं, तेच ओळीतलं झाड, माती काढून सुकवल्यानंतरचं.

"तेच झाड?" बापूराव म्हणाले.

"तेच."

दार किलकिलं झालं, एक मजूर डोकावला आणि पट्टीकडं बघत तसाच उभा राहिला. "ह्ये झाडातनं निगालं?" त्यानं विचारलं. त्याच्या मागून दुसरा आत आला. बापूरावांनी कुणाला हटकलं नाही.

"म्हंजी बाई," ते शेवटी म्हणाले, "समदीच लढत व्हती? मेली ती बी?"

"हौ भाऊ. मेली ती पण."

"आन् तुमचं ते येगळं झाड?"

"माझं झाड साधं निघालं," आपा म्हणाल्या. त्या चक्क हसत होत्या. ज्या बाईंचं नाव त्या क्षणी एका झाडावरून पुसलं गेलं होतं, त्यांच्या चेहऱ्यावर मी आयुष्यात पाहिलेला सर्वांत निखळ आनंद होता. "साधं निघालं, भाऊ. तुमची बाग खास निघाली."

बापूराव बाहेर आले. मजुरांना म्हणाले, "कुऱ्हाडी ठिवा. घरातनं कुदळी, खुरपी काय आसंल ते आना. बुडाची माती काडायची हाय, समद्या झाडांची." माणसं दोन दोन करून ओळींत पांगली.

गोदावरी कुणाची वाट न बघता पहिल्या ओळीत जाऊन एका झाडापाशी बसली होती. बुंध्याशी तिनंच वर्षानुवर्षं थापलेली माती ती दोन्ही हातांनी उपसत होती. खालची साल उघडी पडली, काळपट, ओली, कुठं कुठं कुजलेली. तिनं त्या सालीवर हात फिरवला आणि झाडाला म्हणाली, "सांगायचं तरी व्हतंस, माय."

मी आपांकडं पाहिलं. त्या साडीचा पदर खोचून गोदावरीच्या समोर चिखलात बसल्या, आणि खोडाच्या दुसऱ्या बाजूची माती हातानं काढायला लागल्या.